वकिली कार्यालयाचे सॉफ्टवेअर: नवी आवृत्ती घ्यावी की सॉफ्टवेअरच बदलावे?

वकिलाच्या कार्यालयात सॉफ्टवेअरचा विषय निघतो तेव्हा चर्चेची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकाकडून होते. एखादा तरुण सहकारी कुठेतरी नव्या सॉफ्टवेअरचे प्रात्यक्षिक पाहून आलेला असतो. मोबाईलवर पेशीची, म्हणजे सुनावणीच्या तारखेची, आठवण येते आणि पक्षकाराला आपोआप संदेश जातो, हे पाहून तो भारावलेला असतो. दुसरीकडे ज्येष्ठांचे म्हणणे असते की इतकी वर्षे चालले आहे, तर अजून दोन वर्षे चालायला हरकत काय? दोघांचेही लक्ष पडद्यावर काय दिसते याकडे असते, आणि त्यामागे वर्षानुवर्षे साठलेल्या नोंदींचा विचार कोणीच करत नाही. माझ्या मते या प्रश्नाचा निकाल त्या नोंदींवरूनच लावावा. त्या जुन्या सॉफ्टवेअरमधून पूर्णपणे आणि वाचता येतील अशा स्वरूपात बाहेर निघतात का, हे आधी प्रत्यक्ष करून पाहावे आणि त्यानंतरच विक्रेत्यांना भेटावे.

हे मार्गदर्शन इंदूरमधील दोन ते दहा वकिलांची मध्यम आकाराची कार्यालये डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. अशा कार्यालयाची कामे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात आणि जिल्हा न्यायालयात असतात, आणि देवास, धार, उज्जैन, मंडलेश्वर येथेही कोणाला ना कोणाला जावे लागते. खालच्या न्यायालयांतले दावे आणि अर्ज हिंदीत, उच्च न्यायालयातली कागदपत्रे इंग्रजीत आणि कार्यालयातले बोलणे मराठीत, असा त्रिभाषी व्यवहार येथे रोजचा असतो. मुंबई-दिल्लीच्या कार्यालयांसाठी घडवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये या व्यवहाराचा विचार फारसा झालेला नसतो.

आधी तक्रारींची वही

सॉफ्टवेअरविषयी जी काही तक्रार असेल ती पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवावी, आणि ते काम मुन्शीजींकडे, म्हणजे कार्यालयाच्या कारकुनाकडे, द्यावे, कारण सॉफ्टवेअर सर्वांत जास्त तेच वापरतात आणि त्यांचे मत मात्र शेवटी विचारले जाते. तक्रार कोणी केली, कोणत्या प्रकरणात अडचण आली आणि ती अडचण शेवटी कशी सुटली, एवढे लिहिले तरी पुरते. पंधरा दिवसांनी वही उघडून बसले की तक्रारींचे तीन गट आपोआप पडतात.

‘साहेब, देवासची पेशी यात दिसतच नाही,’ ही पहिल्या गटातली तक्रार. शोध घेतला तर देवासहून परतल्यावर पुढची तारीख कोणी भरलेलीच नव्हती, असे निघते. हा दोष कार्यालयाच्या सवयीचा आहे, आणि कितीही महागडे सॉफ्टवेअर आणले तरी तो जाणार नाही. माझा अंदाज असा की प्रामाणिकपणे लिहिलेल्या वहीत या गटाची पाने सर्वांत जास्त निघतील.

दुसरा गट मांडणीतल्या उणिवांचा. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात जामिनाचा अर्ज एमसीआरसी या प्रकाराखाली नोंदला जातो. सॉफ्टवेअरच्या यादीत तो प्रकार नसेल तर मुन्शीजी नाइलाजाने ‘इतर’ निवडतात आणि वर्षाअखेर निम्मी फौजदारी प्रकरणे ‘इतर’मध्ये जमा होतात. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक लिहायला स्वतंत्र रकानाच नसणे, किंवा तो रकाना बारा अक्षरांपुरताच असणे, हीदेखील याच जातीची उणीव आहे. अशा उणिवा नव्या आवृत्तीने, किंवा कधी कधी विक्रेत्याला एक दूरध्वनी केल्यानेही, दूर होतात.

तिसरा गट पायाशी संबंधित आहे. नोंद जतन करताना सॉफ्टवेअर अचानक बंद पडणे, दोन संगणकांवर एकाच प्रकरणाच्या वेगवेगळ्या तारखा दिसणे, नवा संगणक घेतला की सॉफ्टवेअर त्यावर चालूच न होणे, अशा तक्रारींची संख्या कमी असली तरी वजन मोठे असते.

पाया कशाचा आहे हे विचारावे

विक्रेत्याला, किंवा ज्या ओळखीच्या प्रोग्रामरने ते करून दिले त्याला, तीन प्रश्न लेखी विचारावेत. नोंदी कोणत्या डेटाबेसमध्ये साठतात? ते सॉफ्टवेअर विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर चालवून तपासले आहे? आणि त्यात शेवटची सुधारणा कधी झाली?

उत्तरांचा अर्थ लावणे अवघड नाही. डेटाबेस मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसचा असेल तर एका फाइलची कमाल मर्यादा 2 जीबी आहे, आणि त्या मर्यादेजवळ पोहोचलेली फाइल बिघडू लागते. फॉक्सप्रोच्या एका तक्त्यालाही 2 जीबीचीच मर्यादा आहे, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच्या शेवटच्या आवृत्तीचा आधार, म्हणजे दुरुस्त्या आणि मदत, 2015 मध्ये काढून घेतला. एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती असेल तर 2008 आर-2 पासून 2022 पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे. कागदपत्रांच्या पीडीएफ बाहेर फोल्डरमध्ये ठेवल्या असतील तर एवढी जागा मध्यम कार्यालयाला बराच काळ पुरते. पीडीएफच डेटाबेसमध्ये कोंबल्या असतील तर ती लवकर संपते.

विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. ‘आमचे सॉफ्टवेअर विंडोज 10 वरच नीट चालते’ असे विक्रेता सांगत असेल, तर सुरक्षेच्या सुधारणा न मिळणाऱ्या संगणकावर पक्षकारांची गुपिते ठेवायला तो सांगत आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो. शेवटची सुधारणा 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर तीही धोक्याची खूण समजावी. त्या दिवशी जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. एवढा मोठा बदल होऊनही ज्याने आपल्या सॉफ्टवेअरला हात लावला नाही, तो पुढेही लावेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

एकट्या प्रोग्रामरने घडवलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो आता पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करत असतो, सणावाराला घरी आला की प्रेमाने येऊन काहीतरी दुरुस्त करून जातो, आणि त्या संबंधांमुळे त्याला सोडणे जिवावर येते. त्याच्याकडून मूळ प्रोग्राम आणि डेटाबेसचा पासवर्ड लेखी मागून घ्यावा. ते मिळाले तर दुसरा जाणकार हे काम पुढे नेऊ शकतो. मिळाले नाही तर बदलण्याची तयारी आजपासून सुरू करावी.

नोंदी बाहेर काढून पाहाव्यात

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा टप्पा हाच आहे. विक्रेत्याला सांगून संपूर्ण डेटा एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात मागवावा: प्रकरणे, पक्षकार, विरुद्ध पक्ष, मागील सर्व तारखा आणि प्रत्येक तारखेला काय झाले त्याची टिपणे, शुल्क, येणे बाकी, आणि जोडलेली कागदपत्रे. केवळ छापील अहवालाची पीडीएफ म्हणजे डेटा नव्हे, कारण ती दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये भरता येत नाही. ‘तुम्ही सोडून जात असाल तरच देतो’ किंवा ‘त्याचे वेगळे पैसे लागतील’ असे उत्तर आले, तर तेवढ्यावरूनच पुष्कळ काही कळते.

फाइल हाती आली की ती आधी नुसती डोळ्यांनी पाहावी. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या नोंदींत पहिला धक्का येथे बसतो. हिंदी मजकूर कृतिदेव या फॉन्टमध्ये टंकलेला असेल तर संगणकाच्या दृष्टीने तो हिंदी नसतोच. ‘रमेश’ हे नाव त्या फाइलमध्ये जे, ई, एस, एक अवतरणचिन्ह आणि के अशा रोमन अक्षरांच्या रूपात पडलेले असते, आणि कृतिदेव फॉन्ट लावला तरच पडद्यावर ‘रमेश’ दिसतो. नव्या सॉफ्टवेअरला युनिकोड, म्हणजे कोणत्याही फॉन्टमध्ये देवनागरीच राहणारी लिपीची पद्धत, लागतो, त्यामुळे सगळा मजकूर रूपांतरित करावा लागतो. रूपांतर करणारी साधने सहज मिळतात, पण ऱ्हस्व इकार आणि रफार यांच्या जागा दोन्ही पद्धतींत वेगळ्या असल्याने चुका नेमक्या तिथेच राहतात. ‘शर्मा’, ‘वर्मा’, ‘किशोर’, ‘निर्मला’ अशी नावे शोधून पाहिली की रूपांतर कितपत साधले आहे ते पाच मिनिटांत समजते. एकाच रकान्यात काही नोंदी कृतिदेवमध्ये आणि काही इंग्रजीत असतील, तर सरसकट रूपांतर करताच इंग्रजी नोंदींचा चुराडा होतो. म्हणून त्या आधी वेगळ्या काढाव्यात.

दुसरा प्रश्न खास आपला, म्हणजे माळव्यातल्या मराठी माणसांचा आहे. हिंदी टंकलेखक ‘ळ’च्या जागी सहसा ‘ल’ लिहितो. त्यामुळे एकाच घराण्यातली माणसे पळशीकर, पलशीकर आणि पलसीकर अशा तीन नावांनी, शिवाय इंग्रजीतल्या दोन-तीन स्पेलिंगांनी, वेगवेगळे पक्षकार म्हणून नोंदलेली सापडतात. काळे यांचे काले होतात, आणि मग ते खऱ्या काले आडनावाच्या कुटुंबात मिसळून जातात. हा नुसता शुद्धलेखनाचा मुद्दा असता तर सोडून देता आला असता. परंतु बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचारनियमांतील नियम 33 प्रमाणे, ज्या बाबीत वकिलाने एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याच्यासाठी काम केले, त्याच बाबीत त्याला विरुद्ध पक्षाकडून उभे राहता येत नाही. नवे काम घेताना नाव शोधावे आणि ते वेगळ्या वर्णांत लिहिलेले असल्यामुळे सापडू नये, ही चूक कार्यालयाला महागात पडते. नवी आवृत्ती असो वा नवे सॉफ्टवेअर, मिळत्याजुळत्या उच्चाराची नावे ते एकत्र दाखवते का, आणि दोन नोंदी एकत्र करण्याची सोय त्यात आहे का, हे आपल्याच नोंदींतली अशी नावे देऊन तपासावे.

कायदा आणि कलम यांचे रकाने वेगळे आहेत का, हेही याच वेळी पाहावे. जुन्या नोंदींत केवळ ‘482’ लिहिलेले असेल तर ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे, म्हणजे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम असते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 482 हे अटकपूर्व जामिनाचे कलम आहे आणि अंगभूत अधिकार 528 मध्ये गेले आहेत. कायद्याचे नाव न लिहिता नुसते कलम साठवणारे सॉफ्टवेअर या दोन्हींची खिचडी करील. दंड संहितेची जुनी प्रकरणे अजून बरीच वर्षे चालणार आहेत, कारण 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू आहे. त्यामुळे दोन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवण्याची सोय आवश्यक आहे. ‘आम्ही सगळी जुनी कलमे नव्यात बदलून देतो’ असे एखादा विक्रेता उत्साहाने म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवावे.

तारखांचा घोळ शोधण्याची एक सोपी रीत आहे. एक्सेलमध्ये फाइल उघडताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली असेल, तर ज्या तारखांत दिवसाचा आकडा 12 किंवा त्याहून कमी आहे त्याच तेवढ्या बदललेल्या असतात, आणि 13 पासून पुढच्या तारखा नुसता मजकूर म्हणून डावीकडे सरकून बसलेल्या दिसतात. रकान्यात असे दोन प्रकार दिसले की फाइल परत पाठवावी. हाताने दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नये.

जोडलेल्या कागदपत्रांच्या बाबतीत अनेक जुनी सॉफ्टवेअर खुद्द कागद न साठवता डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता तेवढा साठवतात. संगणक बदलला की पत्ता चुकतो आणि नस्ती रिकामी दिसते. म्हणून पंचवीसएक प्रकरणे निवडून त्यांचे कागद खरोखर उघडतात का ते पाहावे. या निवडीत सर्वांत जुने प्रकरण, अनेक वादी-प्रतिवादींचा वाटणीचा दावा, जिल्हा न्यायालयातून अपिलात उच्च न्यायालयापर्यंत गेलेले प्रकरण, आणि निकाल लागून बंद झालेली दोन-चार प्रकरणे असावीत. अपिलाचे प्रकरण मूळ दाव्याशी जोडलेले राहिले आहे का, हे विशेष पाहावे. ही साखळी तुटली तर नंतर जुळवायला फार वेळ जातो.

मुदतीची परीक्षा

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात सगळे सुरळीतच चालते, म्हणून परीक्षेचा प्रश्न आपण द्यावा. मी धनादेश न वटल्याचे उदाहरण सुचवीन. पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 138 खालची नोटीस आरोपीला 3 फेब्रुवारी 2025 रोजी मिळाली असे धरा. पैसे देण्याचे 15 दिवस 18 फेब्रुवारीला संपतात, वादाचे कारण 19 फेब्रुवारीला उत्पन्न होते, आणि कलम 142 प्रमाणे तेथून एक महिन्यात, म्हणजे 19 मार्चपर्यंत, परिवाद दाखल व्हायला हवा. ‘एक महिना’ म्हणजे ‘30 दिवस’ असे गणित ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसवले आहे ते 21 मार्च दाखवील, म्हणजे दोन दिवस उशिराची तारीख. उशीर माफ करण्याची तरतूद कलम 142 मध्येच आहे हे खरे, पण सॉफ्टवेअरच्या चुकीपायी माफीचा अर्ज करायची वेळ कोणत्याही वकिलाला आवडणार नाही.

त्याच उदाहरणात आणखी एक गंमत आहे. 19 मार्च 2025 ला रंगपंचमी होती. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तो दिवस इंदूरची स्थानिक सुट्टी असतो, पण बाहेरगावी तयार झालेल्या दिनदर्शिकेत ती असेलच असे नाही. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, हे मुदत कायद्याच्या कलम 4 चे तत्त्व आहे. पण त्यासाठी न्यायालयाच्या सुट्ट्यांची यादी, आणि तीही न्यायालयनिहाय, सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला भरता आली पाहिजे. धारच्या आणि इंदूरच्या स्थानिक सुट्ट्या वेगळ्या ठेवता येतात का, हा प्रश्न विचारताच विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावरून पुढच्या तारखा आपोआप येतात, हे हल्लीचे मोठे आकर्षण आहे. सोय चांगली आहे. परंतु तारखा कोणत्या मार्गाने आणल्या जातात, दिवसातून किती वेळा आणल्या जातात, आणि एखाद्या दिवशी आल्या नाहीत तर सॉफ्टवेअर तसे स्पष्ट सांगते की कालचीच माहिती आजची म्हणून दाखवत राहते, हे विचारून घ्यावे. मुन्शीजींनी रात्री कॉज लिस्ट, म्हणजे न्यायालयाची दुसऱ्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहण्याची पद्धत मात्र कोणत्याही परिस्थितीत बंद करू नये.

खर्चाचा हिशेब पाच वर्षांचा

पहिल्या वर्षाची किंमत पाहून तुलना करणे निरर्थक आहे. समजा, जुन्या विक्रेत्याची नवी आवृत्ती एकरकमी 60,000 रुपयांना मिळते आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे वर्षाला 10,800 रुपये द्यावे लागतात. पाच वर्षांचे 1,03,200 रुपये झाले. नवे, ऑनलाइन सॉफ्टवेअर माणशी दरमहा 900 रुपये आकारत असेल आणि वापरणारे सहा जण असतील, तर वर्षाला 64,800 आणि पाच वर्षांत 3,24,000 रुपये होतात. दोन्हींवर 18 टक्के जीएसटी धरला की आकडे अनुक्रमे 1,21,776 आणि 3,82,320 रुपये होतात. व्यापाऱ्याला हा कर पुढे वळता करून घेता येतो. वकिलाच्या सेवेवरील कर मात्र एकतर माफ असतो किंवा सेवा घेणाऱ्या व्यवसायाने भरायचा असतो, त्यामुळे वकिलाला तो वळता करून घेता येत नाही आणि तो निव्वळ खर्च ठरतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्याला मिळालेले दर त्यांच्या जागी घालावेत.

एकरकमी पर्यायात कार्यालयाचा सर्व्हर, बॅकअपची हार्ड डिस्क, इन्व्हर्टर आणि अधूनमधून येणारा तंत्रज्ञ हा खर्च मिळवायचा असतो, आणि ऑनलाइन पर्यायात चांगले इंटरनेट कनेक्शन, तसेच दरवर्षी होणारी भाववाढ. दोन्हींत एक खर्च समान आहे आणि तो कोणीच मोजत नाही, तो म्हणजे नोंदी स्वच्छ करण्यासाठी लागणारे मुन्शीजींचे आणि कनिष्ठ वकिलांचे तास.

हिशेबाच्या भागाविषयी फार बोलण्यासारखे नाही. कंपनी पक्षकार शुल्कातून 10 टक्के उद्गम कर (टीडीएस) कापून पैसे देते, ती कपात वेगळी नोंदता यावी, आणि सनदी लेखापाल टॅली वापरत असतील तर त्यांना हवी तशी फाइल काढून देता यावी, एवढे पुरे.

गुपिते कोणाच्या हाती

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 प्रमाणे पक्षकाराने वकिलाला सांगितलेल्या गोष्टी गोपनीय असतात, आणि हे बंधन वकिलाचे दुभाषी, कारकून व कर्मचारी यांनाही लागू आहे. बाहेरच्या कंपनीचा तंत्रज्ञ त्यांत स्पष्टपणे मोडत नाही. तरीही प्रत्यक्षात काय होते? काहीतरी अडले की मुन्शीजी त्याला दूरध्वनी करतात, तो एनीडेस्कचा, म्हणजे दुरून संगणक चालवू देणाऱ्या प्रोग्रामचा, क्रमांक मागतो, आणि पुढचा अर्धा तास कार्यालयाची प्रत्येक नस्ती एका अनोळखी माणसाच्या पडद्यावर उघडी असते. म्हणून गोपनीयतेची अट करारातच हवी, आणि दूरस्थ दुरुस्ती चालू असताना कार्यालयातला एक माणूस समोर बसलेला हवा.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, परंतु माहिती सुरक्षित ठेवण्याच्या जबाबदारीतून सूट नाही. ती जबाबदारी सॉफ्टवेअर कंपनीवर ढकलून वकील मोकळा होत नाही. करारात तीन गोष्टी शब्दशः असाव्यात: माहितीची चोरी किंवा गळती झाल्यास कंपनीने किती तासांत कळवायचे, करार संपल्यावर सर्व नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि विनाशुल्क द्यायच्या, आणि त्यानंतर कंपनीकडची प्रत नष्ट केल्याचे लेखी पत्र. यांतल्या दुसऱ्या अटीवर जी कंपनी आढेवेढे घेईल, तिच्या दारातून परत फिरावे.

निर्णय

एवढे झाल्यावर निर्णयाला फारसा वेळ लागत नाही. नोंदी स्वच्छ बाहेर आल्या, पाया आजच्या विंडोजवर चालणारा निघाला, विक्रेता उत्तरे देतो आहे, आणि वहीतल्या तक्रारी मुख्यतः दुसऱ्या गटातल्या आहेत, अशा वेळी नवी आवृत्तीच घ्यावी. लोकांच्या हाताला वळण पडलेले असते आणि ते मोडण्याची किंमत कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते. मात्र नवी आवृत्ती म्हणजे खरोखर त्याच नोंदींवर चालणारी आवृत्ती आहे, याची खात्री करावी. काही विक्रेते पूर्ण नवे सॉफ्टवेअर जुन्याच नावाने देतात. तसे असेल तर ते बदलणेच आहे, आणि मग इतर विक्रेत्यांचीही चौकशी का करू नये?

नोंदी बाहेर येतच नसतील, अपुऱ्या येत असतील, किंवा मूळ प्रोग्राम सांभाळणारे कोणी उरले नसेल, तर तक्रारी कितीही कमी असोत, बदलावेच. येथे ‘अजून चालते आहे’ हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण ते बंद पडेल त्या दिवशी निवड आपल्या हातात राहणार नाही. बहुतेक तक्रारी पहिल्या गटातल्या असतील तर यांपैकी काहीच करू नये. न्यायालयातून परतलेल्याने चहाआधी पुढची तारीख भरायची, हा नियम तीन महिने पाळून पाहावा आणि मग वही पुन्हा लिहावी.

बदलायचे ठरले तर

उच्च न्यायालयाच्या उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर सुरुवात करावी. सुट्टीत शिकायला वेळ मिळतो आणि चूक झाली तर ती पेशीवर जाण्याआधी सापडते. आधी केवळ चालू प्रकरणे न्यावीत. निकाली प्रकरणे सावकाश नेली तरी चालतात, किंवा फक्त वाचण्यापुरती वेगळी ठेवता येतात. नेण्याआधी तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत: चालू प्रकरणांची संख्या, पुढची तारीख असलेल्या प्रकरणांची संख्या, आणि एकूण येणे बाकी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये हे तिन्ही तंतोतंत जुळेपर्यंत विक्रेत्याच्या पावतीवर सही करू नये. न्यायालये उघडल्यावर किमान महिनाभर दोन्ही सॉफ्टवेअर आणि कागदी डायरी, असे तिन्ही चालू ठेवावे आणि रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या पेश्या तिन्हींत पडताळाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून ते कोणाचे, हे नाव घेऊन ठरवावे.

बॅकअप घेतला जातो यावर समाधान मानू नये. तो दुसऱ्या संगणकावर उघडून, त्यातले एखादे प्रकरण वाचून पाहावे. एक प्रत कार्यालयाबाहेर, म्हणजे घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये, असावी.

इलेक्ट्रॉनिक पुरावा असलेल्या नस्त्यांबाबत विशेष सावध राहावे. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा ओळखीचा सांकेतिक आकडा, लिहावे लागते, आणि स्थलांतर करताना सॉफ्टवेअरने ध्वनिफीत किंवा छायाचित्र लहान करून साठवले तर ते मूल्य बदलते. अशा मूळ फाइल सॉफ्टवेअरच्या भरवशावर न ठेवता वेगळ्या डिस्कवर, जशाच्या तशा जपाव्यात.

जुना संगणक लगेच विकू नये. त्याची इंटरनेटची जोडणी काढावी, सॉफ्टवेअरला यूएसबीचे डोंगल (परवान्याची किल्ली) लागत असेल तर ते त्याच संगणकाला चिकटवून ठेवावे, आणि पासवर्ड पाकिटात घालून कपाटात ठेवावा. जुन्या कंपनीचा देखभाल करार 31 मार्चचे हिशेब लेखापालांनी मान्य करेपर्यंत चालू ठेवावा आणि रद्द करताना लेखी पत्राची पोच घ्यावी, कारण अनेक करार सूचना न दिल्यास पुढच्या वर्षासाठी आपोआप वाढतात.